पिवळ्या दिव्याची बेरीज

सिग्नलचा पिवळा दिवा किती सेकंद ठेवायचा, याचे गणित गाझिस, हर्मन आणि मॅराड्युडिन यांनी १९६० साली मांडले. ताशी ५४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १५ मीटर. दिवा दिसून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद. पुढे वेग दर सेकंदाला ३ मीटरने उतरला, तर गाडी साडेसदतीस मीटरवर थांबते. ज्याला तेवढ्यात थांबणे जमणार नाही, तो ते अंतर त्याच वेगाने अडीच सेकंदांत ओलांडतो. एकूण साडेतीन सेकंद.

पण वळणाऱ्याचे काय? त्याला वेग कमी करावाच लागतो. वेळ अपुरा पडतो. अमेरिकेत ऑरेगन राज्यात पत्नीला सिग्नलचा दंड झाल्यावर मॅट्स यार्लस्ट्रॉम यांनी नेमके हेच दाखवले. तेथील अभियंता मंडळाने, परवान्याविना अभियांत्रिकी केली म्हणून, त्यांनाच ५०० डॉलर दंड ठोठावला! २०१८ साली न्यायालयाने यार्लस्ट्रॉम यांच्या बाजूने निकाल दिला. २०२० साली वाहतूक अभियंत्यांच्या संस्थेने वळणाऱ्यांसाठी सूत्र सुधारले.

माझी उमर बँकेत गेली. व्याजातली चूक दाखवणाऱ्या खातेदाराला त्याची पदवी विचारायची नसते. खातेवही उघडून बेरीज पुन्हा करायची असते.