नव्या हृदयाला जपताना कर्करोगाकडे दुर्लक्ष नको
खास प्रतिनिधी

धाराशिव : मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये देशातील पहिले हृदय प्रत्यारोपण केले, तेव्हा रुग्ण काही तासच जगू शकला. पुढे १९९४ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांना यश आले. आज प्रत्यारोपणानंतर रुग्ण अनेक वर्षे जगतात. साहजिकच, रुग्ण वाचेल का, या प्रश्नाइतकाच पुढील आयुष्यात त्याच्यापुढे कोणते धोके असतील, हा प्रश्नही महत्त्वाचा ठरला आहे. त्यातील एक मोठा धोका कर्करोगाचा आहे.

परके हृदय शरीराने नाकारू नये, यासाठी प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात. मात्र हीच प्रतिकारशक्ती बिघडलेल्या पेशी आणि सुप्त विषाणूंवर पहारा देत असते. पहारा सैल होताच एपस्टाइन-बार विषाणूमुळे लसिकापेशींचा, तर ह्यूमन पॅपिलोमा विषाणूमुळे गर्भाशयमुखाचा कर्करोग बळावू शकतो. त्वचेच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. गोऱ्या वर्णाच्या लोकांत तो अधिक आढळतो.

जन्मजात हृदयदोष असलेल्यांची स्थिती अधिक नाजूक असते. हजार नवजात बालकांमागे साधारण आठ ते नऊ जणांत असा दोष असतो. यातील ज्यांचे हृदय पुढे थकते, त्यांच्यावर बालपणापासून अनेक शस्त्रक्रिया झालेल्या असतात. कॅथेटर तपासण्या आणि सीटी स्कॅनमधून किरणोत्साराचे डोसही साचत गेलेले असतात. एकाच कप्प्यावर चालणाऱ्या हृदयासाठी केलेल्या फॉन्टन शस्त्रक्रियेनंतर यकृतावर ताण येऊन कालांतराने तेथे कर्करोग होऊ शकतो. शिवाय हे रुग्ण तुलनेने तरुण वयात प्रत्यारोपणाला सामोरे जातात. त्यामुळे औषधांच्या छायेत काढावयाची वर्षेही अधिक.

हा धोका प्रत्यारोपणापूर्वीच सुरू होतो. स्वीडनमधील २०१९ च्या अभ्यासात जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांत व तरुणांत कर्करोगाची जोखीम इतरांच्या दुपटीहून थोडी अधिक आढळली. तरीही वयाच्या ४१ व्या वर्षापर्यंत कर्करोग झालेल्यांचे प्रमाण पन्नासात एक एवढेच होते. म्हणून प्रत्यारोपण टाळणे हा यावरील उपाय नव्हे. भीतीपोटी औषधे परस्पर बंद करणे तर जिवावर बेतू शकते. औषधांची मात्रा ठरविणे हे डॉक्टरांचेच काम आहे.

उपाय आहे तो नियमित तपासणीचा, आणि त्याचा धडा याच मातीत गिरविला गेला आहे. परंडा व भूम हे धाराशिवचे तालुके, शेजारच्या बार्शीसह, १९८७ मध्ये सुरू झालेल्या देशातील पहिल्या ग्रामीण कर्करोग नोंदणीत समाविष्ट झाले. याच जिल्ह्यात, तो उस्मानाबाद म्हणून ओळखला जात असताना, टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय यांच्या सहभागाने १ लाख ३१ हजार ७४६ महिलांवर अभ्यास झाला. पॅपिलोमा विषाणूची एकच चाचणी केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्याने घटले, असा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. खेड्यापाड्यांतील हजारो महिलांपर्यंत जी तपासणी पोहोचली, ती प्रत्यारोपण झालेल्या मोजक्या रुग्णांपर्यंत पोहोचविणे अवघड नसावे.

अडचण आहे ती पाठपुराव्याची. प्रत्यारोपण होते पुण्या-मुंबईत. रुग्ण मात्र शेकडो किलोमीटरवरील आपल्या गावी परततो. लांबलेला ताप, घटते वजन, सुजलेल्या गाठी किंवा न भरणारी जखम दिसली, तर तो प्रथम जवळच्या दवाखान्यात जातो. तेथील डॉक्टरांना रुग्णाची औषधे आणि धोके ठाऊक हवेत. तरुणींना शस्त्रक्रियेपूर्वीच पॅपिलोमा विषाणूची लस, नंतर ठरावीक काळाने गर्भाशयमुखाची चाचणी, त्वचेची पाहणी आणि फॉन्टन झालेल्यांची यकृताची सोनोग्राफी, एवढी यादी घरी परतणाऱ्या प्रत्येकाच्या हाती असायला हवी. दात्याच्या कुटुंबाने ऐन दुःखात दिलेल्या हृदयाचे मोल तपासणीअभावी वाया जाऊ नये, ही जबाबदारी मोठ्या रुग्णालयांइतकीच जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेचीही आहे.