पत्रीच्या पलीकडचं सरकार

सुट्टीत गावी गेलं की क्रांतिसिंह नाना पाटलांचा विषय निघायचाच. बैलाच्या खुराला पत्री ठोकतात तसं फितुराच्या तळपायावर मारायचे, हे म्हातारी माणसं रंगवून सांगत. आम्हा पोरांना भारी मजा वाटे. प्रतिसरकारचं 'पत्री सरकार' झालं ते त्यावरूनच.

आज तीच गोष्ट ऐकताना मन चरकतं. एखादा चुकून मार खाऊन बसला असेल, तर त्याने दाद कुठे मागायची?

आपण साजरं करतो ते शेणोलीला ७ जून १९४३ रोजी लुटलेली पगाराची गाडी आणि १९४४ चा धुळ्याचा खजिना. शौर्यच ते. पण माझ्या मते इंग्रज खरा हरला तो गावच्या न्यायदान मंडळापुढे. जमिनीचा, कर्जाचा तंटा घेऊन माणूस कचेरीऐवजी तिथे जाऊ लागला, लग्नं कमी खर्चात 'गांधी पद्धती'ने लागू लागली, तेव्हाच साताऱ्यातून (आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भागही त्यातच) इंग्रजांचं राज्य उठलं. प्रजासत्ताक दिल्लीला १९५० साली आलं, आपल्याकडे त्याची तालीम आधीच झाली होती.

म्हणून पोरांना पत्री सांगताना न्यायनिवाडाही सांगा, आणि त्यातल्या चुकाही. क्रांतिसिंहांचा मोठेपणा त्याने कमी होत नाही.

काकामंडळी, रागावू नका. तुमच्या आठवणी मात्र जरूर लिहा.