पावडर पकडली, पण माणसाचे काय?

देगलूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात महाराष्ट्र संपतो आणि तेलंगणातील मदनूर येते. पाट्यांवरची भाषा बदलते, पण शेतात राबणारी माणसे तीच असतात. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बिचकुंदा आणि जुक्कल ही दोन सर्कले देगलूर तालुक्यातच होती. राज्य पुनर्रचनेत ती आंध्र प्रदेशात गेली. एका तालुक्याचे दोन राज्यांत तुकडे झाले, पण सोयरीक तुटली नाही, बाजार तुटला नाही, मजुरीला जाणे-येणे थांबले नाही. आणि शिंदीही थांबली नाही. आज देगलूर विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे आणि सीमेपलीकडचा जुक्कलही राखीवच आहे. म्हणजे या नशेच्या पट्ट्यात कोण राहतो, हे वेगळे सांगायची गरज नाही.

एप्रिल २०२५ मध्ये याच सीमेपलीकडच्या कामारेड्डी जिल्ह्यात, नसरुल्लाबाद मंडलातील गावांमध्ये, भेसळीची शिंदी पिऊन पन्नासहून अधिक लोक आजारी पडले. कोणाची मान वाकडी झाली, कोणाची जीभ जड झाली, कोणाला भान राहिले नाही. बहुतेक सगळे मजूर आणि तांड्यावरचे लोक. पुढे जुलै २०२५ मध्ये हैदराबादच्या कुकटपल्ली भागात अशाच शिंदीने माणसे मेली. नमुने तपासले तेव्हा त्यात अल्प्राझोलम सापडले. तेव्हा कुठे राजधानीतील वर्तमानपत्रांना जाग आली. कामारेड्डीचे मजूर तीन महिने आधीच दवाखान्यात पडले होते, त्यांची बातमी आतल्या पानावर संपली होती.

हे अल्प्राझोलम म्हणजे काय? चिंता कमी करण्याचे, झोप येण्याचे औषध. डॉक्टर ते अर्ध्या-एक मिलिग्रॅमच्या गोळीत आणि मोजक्या दिवसांसाठी देतात. औषध दुकानदाराला त्याची वेगळी नोंदवही ठेवावी लागते. कोणत्या डॉक्टरने, कोणत्या रुग्णाला, किती दिले, हे लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. २०१४ पासून हा नियम आहे. इतक्या जोखमीचे औषध शिंदीच्या पिंपात मात्र अंदाजाने, मुठीने पडते. कारण सरळ आहे. शिंदीची झाडे कमी झाली, पिणारे वाढले. झाडाचा रस पुरत नाही म्हणून पाणी, साखरेऐवजी सॅकरिन आणि नशेसाठी पावडर. पूर्वी क्लोरल हायड्रेट, मग डायझेपाम, आता अल्प्राझोलम. पहाटे झाडावर चढून मडके उतरवणारा गौड बांधव कष्टकरीच आहे, तो या धंद्याचा मालक नाही. मालक आहे पावडर आणणारा ठेकेदार आणि त्याच्या मागे उभा असलेला पैसा.

आता सरकार काय करते ते पाहू. माणसे मेली की धाड पडते. दुकाने बंद होतात, पिंपे उलटी केली जातात, छायाचित्रे छापून येतात. पण दहा-दहा वर्षे रोज पावडर पोटात गेलेल्या माणसाचे दुसऱ्या दिवशी काय होते? त्याचे हात थरथरतात, झोप उडते, भास होतात, फिट येते. अशा औषधाची सवय एकदम तोडली तर माणूस दगावू शकतो. ती डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते. तेलंगणाने हे अनुभवले आहे. २०१५ साली महबूबनगर आणि निजामाबाद भागात भेसळीच्या शिंदीवर कारवाई झाली आणि शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले. काही दगावले. २०२० च्या टाळेबंदीत दुकाने बंद झाली तेव्हा हैदराबादच्या एर्रागड्डा येथील मनोरुग्णालयासमोर अशाच लोकांची रीघ लागली. म्हणजे विष देणाऱ्याने मारलेच, पण तयारी न करता विष बंद करणाऱ्यानेही मारले. कारवाई नको असे येथे म्हणायचे नाही. कारवाईच्या आधी खाटा तयार ठेवा, डॉक्टर तयार ठेवा, एवढेच म्हणायचे आहे. जो सरकारी अधिकारी धाडीची तारीख ठरवू शकतो, त्याला त्याच तारखेला वॉर्ड उघडता येत नाही काय?

महाराष्ट्राचे धोरण याहून वेगळे आहे असे समजून देगलूरकरांनी निश्चिंत राहू नये. येथेही सरकारची बुद्धी जप्तीपाशी येऊन थांबते. नोव्हेंबर २०२१ मध्ये नायगाव तालुक्यातील मांजरमजवळ केंद्रीय अमली पदार्थ नियंत्रण ब्युरोने एका ट्रकमधून १,१२७ किलो गांजा पकडला. तो आंध्रातून जळगावकडे निघाला होता. चांगले केले. २०२३ साली राज्याने अमली पदार्थविरोधी टास्क फोर्सची घोषणा केली. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात अमली पदार्थांचे गुन्हे मकोकाच्या कक्षेत आणले. तेही ठीक. जिल्हाधिकारी आणि पोलिस अधीक्षक बसतात अशा समन्वय समित्याही आहेत. पण या सगळ्यात मोजले काय जाते? किलो, ग्रॅम, आरोपी, वाहने. नशेतून बाहेर आलेली माणसे किती, हा आकडा कोणी मागत नाही.

१९८५ चा एनडीपीएस कायदा केवळ तुरुंगाचा कायदा नाही. त्यातील कलम ६४ अ सांगते की अल्प प्रमाणात अमली पदार्थ बाळगणाऱ्या किंवा सेवन करणाऱ्या व्यसनी माणसाने स्वतःहून उपचार घ्यायची तयारी दाखवली, तर त्याच्यावर खटला चालवू नये. कलम ३९ न्यायालयाला अधिकार देते की अशा माणसाला तुरुंगाऐवजी उपचाराला पाठवावे. कलम ७१ नुसार सरकारला उपचार केंद्रे उघडता येतात. ही कलमे वस्तीवरच्या किती पोरांना ठाऊक आहेत? त्यांना पकडताना ती कोण वाचून दाखवतो? ज्याच्याजवळ वकील आहे त्याला कायद्याची सवलतीची बाजू कळते. ज्याच्याजवळ नाही, त्याला फक्त कोठडी कळते.

पुण्याचे उदाहरण घ्या. अमली पदार्थांच्या प्रकरणातील एक आरोपी कैदी उपचाराच्या नावाखाली ससून या सरकारी रुग्णालयात महिनोन्‌महिने राहिला आणि २ ऑक्टोबर २०२३ रोजी तेथून पळून गेला. साऱ्या महाराष्ट्रात गाजलेले हे प्रकरण आहे. नेमक्या त्याच दिवसांत नांदेडच्या विष्णुपुरी येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात निम्मी नवजात बाळे होती. एकीकडे ड्रग्जच्या धंद्यातील आरोपीला सरकारी खाट मिळते, दुसरीकडे गोरगरिबाचे बाळ सरकारी खाटेवर वाचत नाही. देगलूरपासून हे महाविद्यालय ऐंशीएक किलोमीटरवर आहे. आठवड्याला एकदा तेथे जायचे म्हणजे मजुराचा त्या दिवसाचा रोज बुडतो आणि गाडीभाडे वर.

येथे आपल्या चळवळीने एक गोष्ट नीट समजून घ्यावी. नशेचा पुरवठा रोखणे हे गृह आणि अर्थ खात्याचे काम आहे, पण नशेतून माणूस बाहेर काढणे हे केंद्रात सामाजिक न्याय मंत्रालयाचे आणि राज्यात सामाजिक न्याय विभागाचे काम आहे. राज्याचे २०११ चे व्यसनमुक्ती धोरण याच विभागाचे. १५ ऑगस्ट २०२० रोजी सुरू झालेले नशामुक्त भारत अभियानही याच मंत्रालयाचे. म्हणजे ज्या खात्याकडे आपण शिष्यवृत्तीसाठी आणि वसतिगृहासाठी मोर्चे नेतो, त्याच खात्याकडे हा हिशेब मागायचा आहे. तो आपण कधी मागितला? याच मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेले सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, त्यांपैकी ५.७ कोटींना मदतीची गरज आहे. झोपेची-गुंगीची औषधे घेणारे १.१८ कोटी. आणि दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलातरी उपचार मिळतो. अमली पदार्थांच्या बाबतीत २० पैकी एकाला. सरकारचेच हे आकडे आहेत. उरलेल्या ३७ आणि १९ जणांचे काय, याचे उत्तर पथनाट्यात, शपथेच्या कार्यक्रमात आणि भिंतीवरच्या घोषणेत मिळत नाही.

दुसरीकडे हेच सरकार दारूचे दुकान चालवते. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्क वाढवले आणि धान्यापासून बनणाऱ्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ या नव्या प्रकाराला मान्यता दिली. यातून वर्षाला १४ हजार कोटींचा जादा महसूल मिळेल असे सांगितले गेले. निजामाच्या काळातही आबकारी हा तिजोरीचा मोठा आधार होता. राजवट बदलली, तिजोरीची सवय बदलली नाही. गावातील दुकान बंद करायचे तर २००८ च्या नियमाप्रमाणे एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक महिलांनी आडव्या बाटलीला मत द्यावे लागते. मतदान केलेल्यांपैकी नव्हे, एकूण. म्हणजे ऊसतोडीला किंवा हैदराबादकडे मजुरीला गेलेली बाई न विचारता दुकानदाराच्या बाजूने मोजली जाते. ज्या बाईचा संसार दारूने उठवला तिचीच गैरहजेरी दारूच्या उपयोगी पडते! आणि नुसती बंदीही पुरत नाही, हे चंद्रपूरने दाखवले. २०१५ ला बंदी आली, २०२१ ला उठली. दोन्ही वेळा मंत्रालयात निर्णय झाला. व्यसनी माणूस होता तिथेच राहिला.

सरकार आणि दारूबंदीवाले दोघेही राज्यघटनेच्या कलम ४७ चे नाव घेतात. पण ते कलम पूर्ण वाचावे. त्यात आधी सांगितले आहे की जनतेचे पोषण, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे. त्यानंतर मादक पेये आणि आरोग्याला घातक अमली पदार्थ यांच्यावर बंदीसाठी प्रयत्न करावा असे म्हटले आहे. २४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत यावर चर्चा झाली, तेव्हा जयपाल सिंह यांनी आदिवासींच्या वतीने बंदीला विरोध केला होता. बाबासाहेबांनी उत्तर दिले की हे मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यात सक्ती नाही. कायदा कोणाच्या पाठीवर पडेल याचा विचार त्या सभागृहात झाला होता. आजचे सत्ताधारी मात्र कलमाचा पहिला भाग विसरतात, आणि दुसरा भाग वस्तीवर धाड घालण्यापुरता आठवतात.

आता थोडे आपल्याबद्दल. आपल्यातील काही शिकलेले बांधव म्हणतात, पिणारा स्वतःच्या कर्माने मरतो, त्याला पंचशील माहीत नाही काय? होय, पाचवे शील मादक पदार्थांपासून दूर राहायला सांगते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. जयंतीच्या मिरवणुकीत झिंगून नाचणाऱ्याला ती आठवण करून द्यायलाच हवी. वर्गणी देणाऱ्या दारूविक्रेत्याचा फलक मंडपावर लावणाऱ्या मंडळालाही जाब विचारायला हवा. त्यात भीडभाड नको. पण शील पाळणे ही माणसाची जबाबदारी आहे, दवाखाना चालवणे ही सरकारची. एकीचे नाव सांगून दुसरीतून सुटका करून घेता येणार नाही. ज्याचे शरीरच पावडरीच्या ताब्यात गेले आहे, त्याला आधी उपचार लागतो, उपदेश नंतर. दुःख आहे, दुःखाला कारण आहे आणि त्यावर मार्ग आहे, असे सांगणाऱ्या धम्माचे आपण अनुयायी आहोत. आजाऱ्याला शिव्या घालणे हा तो मार्ग नव्हे.

म्हणून मागण्या साध्या ठेवू. देगलूरच्या उपजिल्हा रुग्णालयात व्यसन उतरवण्यासाठी राखीव खाटा आणि ठरलेल्या दिवशी मानसोपचार तज्ज्ञ. शिंदीवर धाड घालण्याआधी आरोग्य खात्याला कळवण्याची सक्ती. नांदेड आणि कामारेड्डी या दोन्ही जिल्हा प्रशासनांची एकत्र बैठक, कारण पावडरीला सीमा नसते. प्रत्येक पोलिस ठाण्यात कलम ६४ अ मराठीत लावलेले. सामाजिक न्याय विभागाने तालुकावार जाहीर करावे की वर्षभरात किती जणांवर उपचार झाले. दुकानबंदीच्या मतदानात कामासाठी बाहेरगावी गेलेल्या बाईचे मत दारूच्या बाजूने मोजणे बंद व्हावे.

यातील एकाही मागणीला १४ हजार कोटी लागत नाहीत. देगलूरचे आणि जुक्कलचे आमदार राखीव जागेवरून निवडून येतात. ती जागा बाबासाहेबांच्या संघर्षामुळे मिळाली आहे. पुढच्या वेळी ते मते मागायला वस्तीत येतील तेव्हा त्यांना हार घालण्याआधी एकच प्रश्न विचारा: आमच्या तालुक्यातल्या दवाखान्यात व्यसनी माणसासाठी खाटा किती?