विश्लेषण : एकच अ‍ॅप वेबसाइटवर स्वस्त आणि फोनवर महाग का?

ट्विटरची, म्हणजे आताच्या ‘एक्स’ची, निळ्या खुणेची सशुल्क सेवा फेब्रुवारी २०२३ मध्ये भारतात सुरू झाली. वेबसाइटवरून ती घेणाऱ्याला महिन्याला ६५० रुपये पडत होते, तर फोनवरील अ‍ॅपमधून घेणाऱ्याला ९०० रुपये. खूण तीच आणि खातेही तेच होते. फरक होता तो पैसे कोणत्या दुकानात भरले याचा. याच दुकानदारीचा दुसरा फटका फोन बदलताना बसतो. अँड्रॉइडवर पैसे देऊन घेतलेले अ‍ॅप आयफोनवर बहुतेक वेळा पुन्हा विकत घ्यावे लागते. असे का होते आणि न्यायालये व नियामक त्यात काय करत आहेत?

२५० रुपये गेले कुठे?

अ‍ॅपच्या आत होणाऱ्या डिजिटल खरेदीवर अ‍ॅपल आणि गुगल कमिशन घेतात. मूळ दर ३० टक्के. अ‍ॅपलच्या दुकानात सबस्क्रिप्शनला एक वर्ष पूर्ण झाले की तो १५ टक्क्यांवर येतो. गुगलने जानेवारी २०२२ पासून सबस्क्रिप्शनसाठी पहिल्या दिवसापासूनच १५ टक्के दर ठेवला. वर्षाला १० लाख डॉलरपेक्षा कमी कमाई असलेल्या छोट्या डेव्हलपरना अ‍ॅपल २०२१ पासून १५ टक्केच आकारते. मात्र टॅक्सी, जेवण, किराणा अशा प्रत्यक्ष वस्तू-सेवांवर हे कमिशन नाही. त्यामुळे रिक्षाचे भाडे अ‍ॅपमध्ये थेट यूपीआयने देता येते, पण गाण्यांच्या सबस्क्रिप्शनचा हिशेब वेगळा असतो.

कर बाजूला ठेवून आकडेमोड केली, तर आयफोनवरच्या ९०० रुपयांतून ३० टक्के वजा जाता ६३० रुपये उरतात. वेबसाइटवरच्या ६५० रुपयांच्या जवळपासच. म्हणजे कमिशनचा भार ग्राहकावर टाकला गेला. पण अँड्रॉइडवरही किंमत ९०० रुपयेच होती आणि तिथे १५ टक्के वजा जाता ७६५ रुपये उरतात. मग अँड्रॉइडवाल्याने जास्तीचे पैसे कशाचे दिले? जुलै २०२५ मध्ये हेच दर वेबसाइटवर ४२७ आणि मोबाइलवर ४७० रुपये झाले. आयफोनवरच्या ४७० रुपयांतून कंपनीच्या हाती साधारण ३२९ रुपयेच येतात, तरी तिने ते चालवून घेतले. कमिशन खरे आहे, पण किंमत शेवटी ग्राहक किती देईल या अंदाजावर ठरते.

हा अंदाज नवा नाही. व्हॉट्सअ‍ॅपही एकेकाळी सशुल्क होते. आयफोनवर सुरुवातीला एकदाच सुमारे एक डॉलर आणि अँड्रॉइडवर पहिले वर्ष फुकट, नंतर दर वर्षी तेवढेच, असा त्याचा दर होता.  २०१६ मध्ये हे शुल्क पूर्ण बंद झाले.

वेबसाइटवर स्वस्त आहे, हे अ‍ॅप का सांगत नाही?

कारण अनेक वर्षे ते सांगण्यालाच बंदी होती. ‘बाहेर स्वस्त मिळेल’ असे अ‍ॅपच्या आत लिहिणे किंवा तशी लिंक देणे नियमबाह्य होते. म्हणून स्पॉटिफाय आणि नेटफ्लिक्सने आयफोन अ‍ॅपमधून नवी सबस्क्रिप्शन विकणेच बंद केले. किंडलच्या आयफोन अ‍ॅपमध्ये पुस्तक दिसायचे, पण खरेदीचे बटण नसायचे.

ही बंदी मोडली ‘फोर्टनाइट’ बनवणाऱ्या एपिक गेम्सने. ऑगस्ट २०२० मध्ये त्यांनी खेळातील ९.९९ डॉलरची नाणी थेट पैसे भरणाऱ्यांना ७.९९ डॉलरला देऊ केली. त्याच दिवशी खेळ दोन्ही स्टोअरमधून काढला गेला आणि खटले सुरू झाले. अ‍ॅपलविरुद्धच्या खटल्यात एपिकच्या बहुतेक मागण्या फेटाळल्या गेल्या. पण बाहेरच्या लिंकवरची बंदी उठवा, असा आदेश न्यायाधीश इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये दिला. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारल्यावर अ‍ॅपलने लिंकला परवानगी दिली खरी, पण त्या लिंकवरून झालेल्या खरेदीवर २७ टक्के कमिशन लावले. पेमेंट कंपनीचे शुल्क त्यात मिळवले की बचत शून्य. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने हा आदेशाचा अवमान ठरवला. अ‍ॅपलने त्याविरुद्ध अपील केले. हा आदेश फक्त अमेरिकेपुरता आहे.

भारतात काय झाले?

जवळपास हेच, फक्त आकडा एका टक्क्याने वेगळा. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने प्ले स्टोअरच्या बिलिंग धोरणासाठी गुगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड केला आणि अन्य पेमेंट सेवा वापरू द्या, असे बजावले. त्यानंतर गुगलने दुसऱ्या पेमेंट सेवेचा पर्याय दिला. तो निवडल्यास कमिशन फक्त चार टक्के अंकांनी कमी होते. म्हणजे ३० चे २६ आणि १५ चे ११. दुसऱ्या पेमेंट सेवेचा खर्च डेव्हलपरने स्वतः करायचा. दरवाजा उघडला, टोलनाका मात्र जागेवरच राहिला.

बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर जिथे दुकानदाराला शुल्क पडत नाही, त्या देशात ११ ते २६ टक्के डोळ्यांत भरणारच. यावर गुगलचे उत्तर असे की, हे शुल्क केवळ पैसे वळते करण्याचे नसून अ‍ॅपचे वितरण, सुरक्षा आणि डेव्हलपरना मिळणाऱ्या साधनांचेही आहे. युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पण सुरक्षा आणि वितरण टॅक्सीच्या अ‍ॅपलाही मिळते आणि त्याच्या भाड्यावर कमिशन नसते.

वाद टोकाला गेला तो १ मार्च २०२४ रोजी. शुल्क न भरल्याच्या कारणावरून गुगलने भारतीय कंपन्यांची अ‍ॅप प्ले स्टोअरमधून काढायला सुरुवात केली. त्यात नोकरी डॉट कॉम, शादी डॉट कॉम आणि भारत मॅट्रिमनी अशी घरोघरी माहीत असलेली नावे होती. तेव्हाचे माहिती तंत्रज्ञान मंत्री अश्विनी वैष्णव यांनी मध्यस्थी केल्यावर काही दिवसांत ती परत आली. शुल्काचा प्रश्न मात्र सुटला नाही. त्याच महिन्यात स्पर्धा आयोगाने नव्या शुल्करचनेच्या चौकशीचा आदेश दिला. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने २०२२ चा दंड २१६.६९ कोटींवर आणला आणि त्यानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. अ‍ॅपलविरुद्धच्या चौकशीचा आदेश आयोगाने २०२१ च्या अखेरीस दिला होता.

फोन बदलला की विकत घेतलेले अ‍ॅप जाते का?

इथे मुद्दा परवान्याचा आहे. आपण सॉफ्टवेअर विकत घेत नाही, ते वापरण्याचा परवाना घेतो. पूर्वी डीटीपीच्या दुकानांत मराठी फाँटचे सॉफ्टवेअर कॉम्प्युटरला डाँगल लावल्याशिवाय उघडत नसे. डाँगल हरवले की परवाना हरवला. आज डाँगलची जागा अ‍ॅपल किंवा गुगलच्या खात्याने घेतली आहे. एकरकमी पैसे देऊन घेतलेल्या अ‍ॅपची नोंद त्या दुकानाच्या खात्यावर होते आणि शेजारचे दुकान ती मानत नाही. मोबाइलवर घेतलेला ‘माइनक्राफ्ट’ कॉम्प्युटरवर खेळायचा तर पुन्हा पैसे पडतात.

सबस्क्रिप्शनचे तसे नाही. ते बनवणाऱ्या कंपनीच्या खात्याशी जोडलेले असते, म्हणून अँड्रॉइड, आयफोन, लॅपटॉप सगळीकडे चालते. अ‍ॅडोबीचे जुने पेटीबंद सॉफ्टवेअर विंडोज किंवा मॅक यापैकी एकासाठी घ्यावे लागे. २०१३ मध्ये कंपनी सबस्क्रिप्शनकडे वळली आणि एका परवान्यात दोन्ही आले. त्या बदल्यात दर महिन्याचा हप्ता मागे लागला. यातून सुटण्याचा मार्गही एका कंपनीने दाखवला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘अ‍ॅफिनिटी’ या डिझाइन सॉफ्टवेअरने एकरकमी किमतीत विंडोज, मॅक आणि आयपॅड तिन्हींसाठी एकच परवाना आणला. तसे करता येते, पण बहुतेकांना ते सोयीचे नाही.

कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे. केवळ परवाना दिला जात असेल, तर तसे ग्राहकाला स्पष्ट न सांगता ‘खरेदी’ हा शब्द वापरता येत नाही.

ग्राहकाने काय पाहावे?

पैसे भरण्याआधी त्याच सेवेची वेबसाइट ब्राउझरमध्ये उघडून दर पाहावा. तिथे घेतलेले सबस्क्रिप्शन त्याच खात्याने अ‍ॅपमध्ये लॉगिन केल्यावर चालते. फोन बदलताना मात्र एक गोष्ट हमखास राहून जाते. अ‍ॅप काढून टाकल्याने किंवा जुना फोन विकल्याने सबस्क्रिप्शन थांबत नाही. ते ज्या दुकानातून घेतले, त्याच दुकानाच्या खात्यात जाऊन रद्द करावे लागते. आयफोनवर घेतलेले प्ले स्टोअरमध्ये शोधून सापडणार नाही आणि हप्ता कापला जात राहील.