कार्डाची दुसरी बाजू

मागे आमच्या समाजाच्या हॉलमध्ये जुन्या चित्र-पोस्टकार्डांचं प्रदर्शन भरलं होतं. विजापूरचा गोलघुमट, म्हैसूरचा राजवाडा, गोकाकचा धबधबा आणि अर्थातच श्रवणबेळगोळचे बाहुबली. ते बाहुबलींचं कार्ड आमच्याच घरचं. १९४० च्या महामस्तकाभिषेकाला गेलेल्या आजेसासूबाईंनी ते तिथून आपल्या जावेला धाडलेलं. पुतण्यानं हौसेनं प्रदर्शनाला दिलं.

मी कार्ड उलटून बघायला गेले, तर काय? पुठ्ठ्याला खळ लावून कायमचं चिकटवलेलं! विचारलं, तर मांडणाऱ्यांपैकी एक म्हणाले, "अहो वैनी, मागं काय, घरगुतीच लिहिलंय. कोरं असतं तर किंमत तरी आली असती."

घरगुतीच! म्हणजे बाईनं लिहिलेलं, म्हणजे खळ लावायला मोकळं.

मागं काय होतं ते सांगते. सासूबाई वाचून दाखवायच्या, म्हणून मला पाठ आहे. 'सुखरूप पोचलो. डोंगर चढून पाय भरून आले. धाकटीचा ताप उतरला का? मिरच्या उन्हात घाला. दर्शन घेताना तुमची आठवण झाली.' सहाशेवर पायऱ्या चढलेली बाई देवासमोर उभी राहून जावेच्या तापलेल्या लेकराचा विचार करते. याला इतिहास म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं? मूर्ती ५७ फुटांची आहे, हे कुठल्याही पुस्तकात मिळेल. ती बाई कुठल्या पुस्तकात मिळणार?

आणि लिहिल्यानं कार्ड 'खराब' होतं म्हणे! सुरुवातीच्या कार्डांची मागची बाजू फक्त पत्त्यासाठी असायची. माणसं चित्राच्या कडेच्या पांढऱ्या जागेत बारीक अक्षरात मजकूर कोंबायची. १९०२ साली इंग्लंडात मागच्या बाजूचे दोन भाग करायला परवानगी मिळाली, पुढं आपल्याकडंही तशी कार्डं आली. ती अर्धी बाजू लिहिण्यासाठीच होती. कोरं कार्ड म्हणजे कुणीच कुणाला न धाडलेलं कार्ड. त्याचं एवढं कौतुक कशाला?

ज्या बाहुबलींचं चित्र आपण भिंतीवर लावतो, त्यांच्याच पायाशी मराठी अक्षरं कोरलेली आहेत. आपण त्यांचा अभिमान सांगतो. चावुंडरायाचा अभिषेक पायांपर्यंत पोचेना, तेव्हा गुल्लकायज्जीच्या एवढ्याशा दुधानं तो पुरा झाला, ही कथाही लेकरांना सांगतो. त्या अज्जीची मूर्ती आजही देवासमोर उभी आहे. मग आपल्या घरच्या अज्जीच्या चार ओळी पुठ्ठ्याखाली का?

बायांनो, आता गप्प बसू नका. ट्रंकेत कार्डं असतील तर दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. प्रदर्शनाला मागितली तर द्या, पण बजावून द्या: खळ लावायची नाही, पारदर्शक पाकिटात ठेवायचं, आणि मागचा मजकूर शेजारी लिहून लावायचा. कुणी, कुणाला, कुठल्या साली धाडलं, हे सांगणारी म्हातारी माणसं घरात आहेत, तोवर विचारून घ्या.

आमचं कार्ड परत आलंय. पाण्याचा हात लावून सोडवायला बघितलं, तर शाई पसरायला लागली. तशीच थांबले. आता ते पाठ केलेलंच वहीत उतरवून ठेवलंय, खाली आजेसासूबाईंचं नाव घालून.