साइट घेतली, पण घर बांधता येईल का?

यशवंतपूरच्या बाजार समितीच्या आवाराजवळ भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारे एक मराठी कुटुंब डोळ्यांसमोर आणा. नवरा पीण्याच्या कारखान्यात नोकरीला, बायको घरी शिवणकाम करणारी, मुलगी कॉलेजात, मुलगा दहावीत. पंधरा वर्षे भाडे भरल्यावर स्वतःच्या घराची ओढ लागणे स्वाभाविकच आहे. एका रविवारी एक एजंट त्यांना तुमकूर रस्त्याने नेलमंगलाच्या बाजूला घेऊन जातो. शेतात दगड रोवून आखलेले चौकोन, मधून मुरमाचा रस्ता आणि प्रवेशाशी रंगीत कमान. तीस बाय चाळीसची साइट, म्हणजे १,२०० चौरस फूट. भाव शहरातल्या भावाच्या निम्म्याहूनही कमी!

"रजिस्ट्रेशन तर होणारच आहे साहेब, मग भीती कसली? आज इसार दिला नाहीत तर उद्या दुसरा घेऊन जाईल," एजंट सांगतो.

घरी हिशेब सुरू होतो. भविष्यनिर्वाह निधीतून काही रक्कम निघेल, बाकीच्यासाठी बायकोच्या पाटल्या आहेतच. नेमके त्याच आठवड्यात बेळगावहून तिचे मामा येतात. आयुष्यभर तलाठ्याचे काम केलेले. सगळे ऐकून घेतात आणि शांतपणे विचारतात, "जावईबापू, खरेदीखत होईल हे खरं. पण त्या जमिनीवर घर बांधायची परवानगी आहे का, हे विचारलंत?"

जावईबापूंनी ते विचारलेले नसते. बहुतेक जण विचारत नाहीत.

खरेदीखत काय सांगते?

एक गैरसमज सर्वत्र आढळतो. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत कागद नोंदला, मुद्रांक शुल्क भरले, अंगठे उमटले की जमीन आपली झाली आणि आता तिच्यावर हवे ते करता येईल, असे लोक धरून चालतात. प्रत्यक्षात नोंदणी एवढेच सांगते की, अमक्याने तमक्याला अमुक रकमेला मिळकत विकली. विकणाऱ्याची मालकी निर्विवाद आहे किंवा त्या जागेवर घर बांधता येईल, याची हमी नोंदणी देत नाही.

मुखत्यारपत्रावरचा व्यवहार तर याहून कच्चा. केवळ मुखत्यारपत्र आणि करारनामा करून घेतल्याने जमिनीची मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले. तरीही 'नंतर करू खरेदीखत' म्हणणारे आणि त्यावर विश्वास ठेवणारे आजही भेटतात.

कर्नाटकात गोंधळाला आणखी एक कारण झाले. पूर्वी तेथे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नसे. २०२० मध्ये जमीन सुधारणा कायद्यातील ती बंधने काढून टाकण्यात आली. त्यामुळे 'आता कोणीही शेतजमीन घेऊ शकतो' हे एजंटचे म्हणणे खोटे नाही. पण शेतजमीन घेता येणे वेगळे आणि तिच्यावर घरांची वसाहत उभारता येणे वेगळे. बंगला बांधण्याच्या हौसेने घेतलेली जमीन कागदोपत्री शेतच राहते.

घरापर्यंतचे तीन दरवाजे

शहराबाहेरच्या जमिनीवर रीतसर घर उभे राहण्यासाठी तीन दरवाजे ओलांडावे लागतात.

पहिला दरवाजा विकास आराखड्याचा. कर्नाटकात १९६१ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्यानुसार नियोजन प्राधिकरण आपल्या क्षेत्राचा नकाशा तयार करते आणि कोठे घरे, कोठे कारखाने, कोठे शेती हे ठरवते. नकाशात निवासी भाग पिवळ्या रंगात आणि शेती हिरव्या रंगात दाखवण्याची पद्धत आहे. आपला सर्व्हे नंबर हिरव्यात असेल तर शेजारी दहा घरे उभी असली तरी त्याचा उपयोग नाही. शेतीच्या पट्ट्यात शेतकऱ्याला स्वतःच्या शेतावर मर्यादित आकाराचे शेतघर बांधता येते, पण एकरभर शेताचे तीस तुकडे पाडून तीस घरे बांधता येत नाहीत. नेलमंगलासाठी स्वतंत्र नियोजन प्राधिकरण आहे. यशवंतपूरकडून निघाल्यावर शहराची हद्द कोठे संपते आणि त्या प्राधिकरणाची कोठे सुरू होते, हे रस्त्यावर कळत नाही. नकाशातच पाहावे लागते.

दुसरा दरवाजा महसूल खात्याचा. १९६४ च्या कर्नाटक जमीन महसूल कायद्याच्या ९५ व्या कलमात शेतजमीन बिगरशेती करण्याची तरतूद आहे. हे अधिकार जिल्हाधिकाऱ्याचे, म्हणून बंगळूरात सगळे याला 'डी.सी. कन्व्हर्जन' म्हणतात. आपल्याकडचे एन.ए. ते हेच. हा आदेश कोणत्या कारणासाठी आहे हेही वाचले पाहिजे. उद्योगासाठी बिगरशेती झालेली जमीन आपोआप घरांसाठी चालत नाही.

तिसरा दरवाजा लेआउटच्या मंजुरीचा. जमीन बिगरशेती झाली म्हणजे तिचे प्लॉट पाडायला मोकळीक मिळाली, असे नाही. नियोजन प्राधिकरणाकडून आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो आणि त्यात रस्ते, उद्यान व नागरी सुविधांसाठी जागा सोडावी लागते. स्वस्त साइट स्वस्त का असते, याचे उत्तर येथे मिळते. न सोडलेले उद्यान आणि न केलेली गटारे यांची किंमत तिच्यातून वजा झालेली असते. पुढे पावसाळ्यात ती घर घेणाऱ्याकडूनच वसूल होते.

हे तीनही दरवाजे ओलांडल्यानंतर प्रत्यक्ष घराच्या बांधकामाची परवानगी ग्रामपंचायत किंवा महापालिकेकडून घ्यायची असते.

'ग्रामठाण्यात आहे हो!'

एजंटचे आवडते उत्तर असते, "ही जागा ग्रामठाण्यात आहे, कन्व्हर्जन लागत नाही." ग्रामठाणा म्हणजे गावठाण. पूर्वापार वस्तीच्या या जागेला शेतीचे नियम लागू होत नाहीत, हे खरेच आहे. पण गावठाणाची हद्द गावाच्या नकाशावर आखलेली असते. गावाच्या वेशीबाहेर अर्ध्या किलोमीटरवर कालपर्यंत नाचणी पिकत होती, ती जागा एजंटच्या सांगण्याने गावठाण होत नाही. शिवाय गावाभोवती गोमाळ, म्हणजे गायरान असते. ती सरकारी जमीन. तिच्यावरचा प्लॉट कितीही स्वस्त मिळाला तरी महागच.

कराची पावती म्हणजे परवानगी नव्हे

मग लोक कराची पावती पुढे करतात. "आम्ही दरवर्षी कर भरतो, मग घर बेकायदा कसे?"

याचे उत्तर बंगळूरच्या वाढीत आहे. २००७ मध्ये दासरहळ्ळी, यलहंका यांसारख्या सात नगरपालिका, केंगेरी आणि शंभराहून अधिक गावे जोडून बृहत् बंगळूर महानगरपालिका झाली. या भागात नियम न पाळता उभी राहिलेली असंख्य घरे होती. त्यांच्याकडून कर तर घ्यायला हवा, म्हणून त्यांची नोंद वेगळ्या 'ब' वहीत होऊ लागली. हेच ते 'बी-खाते'. लोकांनी त्याला मालकीचा दाखला मानले, पण बँका त्यावर कर्ज द्यायला कचरत आणि बांधकामाचा नकाशा मंजूर होत नसे. खेड्यांतही हाच भेद आहे. २०१३ पासून 'ई-स्वत्तु' योजनेत पंचायतीच्या मिळकतींची संगणकावर नोंद होऊ लागली. रीतसर मिळकतीला नमुना ९ व ११ अ, आणि नियमात न बसणाऱ्या मिळकतीला ११ ब. एका अक्षराचा फरक, पण आयुष्याची पुंजी त्यावर अवलंबून!

अशी घरे दंड आकारून नियमित करण्याच्या 'अक्रम-सक्रम' योजनेला सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये स्थगिती दिली. बी-खात्याच्या मिळकतींना 'अ' खाते देण्याची योजना सरकारने २०२५ मध्ये आणली. त्याच वर्षी महानगरपालिकेच्या जागी पाच महापालिका आल्या. योजना येतात, अडतात, बदलतात. 'उद्या सगळे नियमित होईल' या आशेवर घर घेणाऱ्याच्या आयुष्यातली अनेक वर्षे मात्र वाट पाहण्यात जातात.

दहा वर्षांची टांगती तलवार

ही वाट पाहणे म्हणजे काय, हे यशवंतपूरच्या उत्तरेला, हेसरघट्टा आणि यलहंकाच्या बाजूच्या गावांनी अनुभवले आहे. बंगळूर विकास प्राधिकरणाने डिसेंबर २००८ मध्ये १७ गावांतील सुमारे ३,५४६ एकर जमीन संपादन करण्याची प्राथमिक अधिसूचना काढली. नियोजित वसाहतीला कन्नडचे थोर साहित्यिक शिवराम कारंत यांचे नाव देण्यात आले. प्रकरण न्यायालयात गेले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. दरम्यान त्या जमिनीवर साइट विकल्या गेल्या आणि घरेही उभी राहिली.

३ ऑगस्ट २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्राधिकरणाला वसाहतीचे काम पुढे नेण्यास सांगितले. घरात राहणाऱ्यांच्या पायाखालची जमीन सरकली. अखेर डिसेंबर २०२० मध्ये न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती ए. व्ही. चंद्रशेखर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि त्या तारखेपूर्वी बांधलेल्या घरांची तपासणी सुरू झाली. लोकांना स्वतःच्याच घराचा पुरावा देण्यासाठी कागदांची चळत घेऊन रांगेत उभे राहावे लागले. अनेकांची घरे वाचली. पण घर वाचेल की नाही या चिंतेत गेलेली वर्षे कोण परत देणार?

ऑगस्ट २०१६ मध्ये बंगळूरात पावसाच्या पाण्याच्या नाल्यांवरील, म्हणजे 'राजकालुवे'वरील घरे पाडण्यात आली, तेव्हाही कागद हातात धरून रडणारी कुटुंबे दिसली. त्यांच्याकडे खरेदीखत नव्हते असे नाही.

महाराष्ट्रातही तेच

हा प्रश्न एकट्या बंगळूरचा नाही. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर यांच्या भोवती गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या शेतांवर वसाहती झाल्या. महाराष्ट्र सरकारला २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा करावा लागला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत २०२० अखेरपर्यंतच्या बांधकामांना वाढवून द्यावी लागली. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनी निवासी वापरात आणणे २०१७ मध्ये सोपे करण्यात आले. नियम सैल होतात ते ठरावीक हद्दीत आणि ठरावीक तारखेपर्यंत. आपली जागा त्यात बसते का, हे ज्याचे त्याने पाहायचे असते.

इसार देण्यापूर्वी

म्हणून खिशात हात घालण्यापूर्वी सर्व्हे नंबर मागून घ्या. तो सांगायला एजंट टाळाटाळ करत असेल तर तेथूनच परत फिरा. पहाणीपत्रक, म्हणजे कर्नाटकातला सात-बारा, आणि फेरफार पाहा. किमान तीस वर्षांचा बोजा दाखला, म्हणजे 'ईसी', काढा. नियोजन प्राधिकरणाच्या कचेरीत जाऊन तो सर्व्हे नंबर कोणत्या विभागात येतो हे लेखी घ्या. कर्नाटक सरकारच्या 'दिशांक' ॲपवर जागेवर उभे राहून सर्व्हे नंबर तपासता येतो, तळे किंवा नाला जवळ आहे का हेही कळते. कन्व्हर्जनचा आदेश आणि मंजूर लेआउटची प्रत मागा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर प्लॉट पाडून विकायचे तर २०१६ च्या कायद्यानुसार रेराकडे नोंदणी हवी. तो क्रमांक जाहिरातीत नसेल तर का नाही, हे विचारा. शेवटी सगळे कागद आपल्या वकिलाला दाखवा, एजंटने सुचवलेल्या वकिलाला नव्हे. एखाद्या मोठ्या बँकेत कर्जासाठी विचारणा करणे हीदेखील चांगली परीक्षा आहे. बँक जेथे पैसे घालायला तयार नाही, तेथे आपण का घालावेत?

तुमकूर रस्त्यावरच्या जमिनींचे भाव यापुढेही वाढतीलच. मेट्रो २०१४ मध्ये यशवंतपूरहून पीण्यापर्यंत धावू लागली, नोव्हेंबर २०२४ मध्ये मादावरपर्यंत पोहोचली. मेट्रो जसजशी पुढे सरकते तसतशा नव्या कमानी उभ्या राहतात आणि 'आजच घ्या' म्हणणारे एजंटही वाढतात.

मामांच्या सांगण्यावरून त्या कुटुंबाने सर्व्हे नंबर मागितला असता, तर कदाचित जमीन हिरव्या पट्ट्यात निघाली असती. नवरा चार दिवस हिरमुसला असता. "अहो, घर थोडं उशिरा होईल, पण झोप तर लागेल," असे म्हणून बायकोने पाटल्या पुन्हा कपाटात ठेवल्या असत्या. एजंटने ती साइट दुसऱ्या कोणाला विकलीही असती. त्या दुसऱ्याच्या घरी हा प्रश्न विचारणारे मामा असतील का? नसतील तर तो प्रश्न त्याने स्वतःच विचारायला हवा.