आलेखातली रेष खरं बोलते का? सलग आणि तुटक रेषेचा हिशेब



पायथॉनमधली मॅटप्लॉटलिब ही फुकट मिळणारी लायब्ररी वापरून विक्रीचा आलेख कसा काढायचा, हे आपण व्हिडिओत बघितलं. कोड तिथे पडद्यावर आहेच, तो इथे परत देत नाही. इथे मी माझं एक ठाम मत मांडणार आहे. पटलं तर वापरा, नाही पटलं तर भांडा.

मत असं: आलेखातली रेष सलग ठेवायची की तुटक, हा सजावटीचा प्रश्न नाही, हिशेबाचा आहे. जे घडलंय ते सलग रेषेत, आणि जे घडेल असं आपल्याला वाटतंय ते तुटक रेषेत. हा नियम मोडलात तर तो आलेख बँकेच्या साहेबांना नंतर फसवेल, आधी तुम्हालाच फसवेल.

एक उदाहरण घेऊ

आपला भाग डहाणू-तलासरीचा, तेव्हा उदाहरणही चिकूचंच. डहाणू घोलवड चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नाव झालं, पण चिकूचा स्वभाव काही बदलला नाही. झाडावरून उतरवला की थोड्याच दिवसांत पिकतो आणि मऊ पडतो. म्हणून तर फोडी वाळवून, पावडर करून विकायचा विचार इथे घरोघरी चालतो.

आता समजा, कोसबाडजवळच्या एका पाड्यावर बायकांचा एक बचत गट आहे. चिकूच्या वाळवलेल्या फोडींची पाकिटं विकतो. पाकिटाची किंमत १०० रुपये. चिकू, पॅकिंग, वाहतूक मिळून पाकिटामागे खर्च ७० रुपये. म्हणजे एका पाकिटामागे ३० रुपये सुटतात. जागेचं भाडं, वीज आणि इतर ठरलेला खर्च महिन्याला ६,००० रुपये. ६,००० भागिले ३० म्हणजे २००. महिन्याला २०० पाकिटं गेली तर ना नफा, ना तोटा.

विक्री अशी झाली: नोव्हेंबर ८०, डिसेंबर ११०, जानेवारी १५०, फेब्रुवारी १४०, मार्च १६०. पुढचा अंदाज: एप्रिल २००, मे २६०, जून ३२०. पावसाळ्यात उन्हात वाळवण बंद पडते, म्हणून गटाला कर्ज काढून ड्रायर घ्यायचाय. हप्ता महिन्याला ३,००० रुपये. म्हणजे ठरलेला खर्च ९,००० झाला आणि ना नफा ना तोट्याचा आकडा २०० वरून ३०० वर गेला.

हे आठही आकडे एकाच सलग रेषेत काढून बघा. रेष ८० पासून निघते आणि झोकात ३२० वर पोचते. कागद हातात घेतला की वाटतं, धंदा जोरात आहे, घेऊन टाकू ड्रायर!

आता तोच आलेख नीट काढा. नोव्हेंबर ते मार्च सलग. मार्चपासून पुढे तुटक. आणि २०० वर आणि ३०० वर ठिपक्यांच्या दोन आडव्या रेषा. लगेच काय दिसतं? सलग रेष ३०० ला सोडाच, २०० लासुद्धा अजून एकदाही शिवलेली नाही. ३०० ची पायरी ओलांडणारा भाग सगळाच्या सगळा तुटक आहे.

याचा अर्थ ड्रायर घेऊच नका, असा नाही. कदाचित घ्यायलाच हवा, कारण त्याच्याशिवाय पावसाळ्यात माल तयार होणार नाही. पण कर्ज अंदाजाच्या जोरावर घेतोय, हे सही करण्याआधी गटातल्या प्रत्येकीला दिसलं पाहिजे. तुटक रेष तेवढंच काम करते, आणि ते काम छोटं नाही.

रंगावर विसंबू नका

बरेच जण म्हणतात, "सर, रंग वेगळे दिलेत ना, मग झालं की!" नाही झालं. तुमचा प्रकल्प अहवाल शेवटी कुठे जातो? झेरॉक्सच्या दुकानात. तीन प्रती, काळ्या-पांढऱ्या.

मॅटप्लॉटलिब आपणहून जे रंग देते ते क्रमाने निळा, नारिंगी, हिरवा, लाल असे असतात. पडद्यावर छान दिसतात. पण काळ्या-पांढऱ्या प्रतीत निळा, हिरवा आणि लाल हे तिन्ही जवळजवळ सारखेच करडे होतात. नारिंगी तेवढा जरा फिकट उमटतो. तुमच्या लाल रेषेतला खर्च आणि हिरव्या रेषेतली विक्री साहेबांच्या टेबलावर जुळी भावंडं झालेली असतात. शिवाय काही लोकांना लाल-हिरव्यातला फरक मुळातच नीट दिसत नाही. असा माणूस तुमचा गुंतवणूकदार असू शकतो, तुमचा भागीदारही असू शकतो.

आणि हे आपल्या भागातल्या लोकांना मी वेगळं काय सांगणार? वारली चित्र बघा. गेरूनं किंवा मातीनं सारवलेली भिंत आणि तांदळाच्या पिठाचा एकच पांढरा रंग. तेवढ्यात माणूस, झाड, तारपा, लग्नाचा चौक, सगळं वेगळं ओळखू येतं. कशामुळे? रेषेच्या जाडीमुळे, आकारामुळे, ठिपक्यांमुळे आणि मोकळ्या सोडलेल्या जागेमुळे. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच पांढऱ्या रेषेच्या बळावर. एका रंगात सगळं सांगता येतं, हे ज्या भागानं जगाला दाखवलं, तिथल्या उद्योजकानं आलेखात सात रंग का कोंबावेत?

म्हणून माझा नियम: आधी आलेख एकाच काळ्या रंगात काढा. तो समजला, तरच रंग भरा.

चार रेषा, चार अर्थ

लाइनस्टाइल या शब्दापुढे अवतरणात कुठलं चिन्ह द्यायचं, एवढंच लक्षात ठेवायचंय.

१. सलग, चिन्ह '-'. घडलेली गोष्ट. वहीत नोंद आहे, पावती आहे. तुम्ही काहीच सांगितलं नाही तर लायब्ररी हीच रेष काढते. धोका इथेच आहे, कारण अंदाजसुद्धा आपोआप सलग निघतो.

२. तुटक, चिन्ह '--'. अंदाज. ही रेष मार्चपासून पुढे हवी असेल तर दुसऱ्या यादीतही मार्चचा आकडा टाका, नाहीतर मार्च आणि एप्रिलच्या मध्ये फट पडते.

३. ठिपक्यांची, चिन्ह ':'. लक्ष्य किंवा मर्यादा. ना नफा ना तोट्याची पातळी, मशीनची जास्तीत जास्त क्षमता वगैरे. आडवी रेष काढायला वेगळी सोपी आज्ञा आहे, व्हिडिओत दाखवली आहे.

४. तुटक आणि ठिपका आलटून पालटून, चिन्ह '-.'. तुलनेसाठी. उदाहरणार्थ, मागच्या वर्षीचे हेच महिने.

यापेक्षा वेगळी तुटक रेष हवी असेल तर मापही देता येतं: पाच भाग रेष, दोन भाग मोकळे, असं. पण माझं ऐकाल तर चारच्या पुढे जाऊ नका. पाचवी रेष लागतेय असं वाटलं, तर एका आलेखाचे दोन करा.

रेषेची जाडी आपणहून दीड पॉइंट असते. ज्या रेषेवर निर्णय घ्यायचाय ती अडीच-तीनपर्यंत न्या, बाकीच्या एकवर आणा. आणि सूचीच्या चौकटीत तुटक रेषेचा तुकडा इतका छोटा दिसतो की ती तुटक आहे हेच कळत नाही. तिथे हँडललेंथ दोनऐवजी चार करा. त्याहून बरं म्हणजे सूची काढूनच टाका आणि रेषेच्या टोकाशी नाव लिहा. मराठी नाव लिहिताना अक्षरांच्या जागी चौकोन आले तर घाबरू नका, देवनागरी फॉन्ट द्यावा लागतो. तरी जोडाक्षरं बिघडली, तर नावं छापील प्रतीवर पेनानं लिहा. साहेबांना चालतं.

फट बुजवू नका

आता सगळ्यात महत्त्वाचं. समजा फेब्रुवारीत गटातल्या एकीकडे लग्न होतं, आणि विक्री झाली पण वहीत लिहायची राहिली. काय करायचं? लोक दोनपैकी एक करतात. एक तर शून्य टाकतात, नाहीतर जानेवारीपासून मार्चपर्यंत सरळ रेष ओढतात. दोन्ही खोटं.

शून्य म्हणजे "विक्री झाली नाही". रिकामं म्हणजे "नोंद नाही". या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि धंद्यात त्यांची सरमिसळ महागात पडते. मॅटप्लॉटलिब इथे प्रामाणिक आहे. आकड्याच्या जागी रिकामी किंमत असेल तर ती रेष तिथे तोडते. पण तुम्ही ती ओळच यादीतून उडवलीत, तर ती बिचारी उरलेले बिंदू जोडून मोकळी होते. म्हणून रिकामी ओळ उडवू नका. फट दिसू द्या. फट दिसली की पुढच्या महिन्यात वही लिहिली जाते.

पण एक लक्षात घ्या. पावसात वाळवण बंद म्हणून विक्री खरंच झाली नसेल, तर तिथे शून्यच लिहायचं, फट ठेवायची नाही. तो धंद्याचा खरा आकडा आहे, आणि ड्रायर का हवा याचा तोच सगळ्यात मोठा पुरावा आहे.

तसंच भावाचं. पाकिटाची किंमत जानेवारीत १०० होती आणि एप्रिलमध्ये १२० केली, तर मधल्या काळात ती हळूहळू १०५, ११० अशी चढली नाही. एका दिवशी उडी मारली. अशा ठिकाणी तिरकी रेष चुकीचं सांगते, पायरीची रेष वापरा. ड्रॉस्टाइलमध्ये ती सोय आहे.

आणि चिकू, आंबा, फणस यांच्या विक्रीचे आकडे रेषेनं जोडूच नका. चिकू आणि आंबा यांच्या मध्ये काही नसतं. तिथे स्तंभ काढा.

"एवढं कोण बघतं?"

हा प्रश्न मला दर बॅचमध्ये येतो. आणि त्यात तथ्यही आहे. बँकेत प्रत्येक जण आलेख निरखून बघेलच असं नाही. काही जण थेट शेवटच्या पानावरचा आकडा बघतात. शिवाय भीतीही असते: तुटक रेष दाखवली तर आपलं म्हणणं कच्चं वाटेल, कर्ज नाकारतील.

माझं उत्तर असं. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान मिळतं. पण ते कर्जाशी जोडलेलं आहे. अनुदान आलं तरी उरलेलं कर्ज तुम्हीच फेडायचं असतं. आलेख बघून साहेबांनी प्रश्न विचारला नाही, तरी हप्त्याची तारीख प्रश्न विचारणारच. त्या दिवशी तुटक रेषेवर पैसे येत नाहीत, सलग रेषेवरच येतात.

आणि समोरचा अनुभवी असेल, तर त्याला तुटक रेषेनं कच्चेपणा वाटत नाही. उलट या माणसाला काय झालं आणि काय होणार यातला फरक कळतो, असं वाटतं. रस्त्यावरच्या पांढऱ्या रेषा आठवा. मधली रेष तुटक असेल तर समोर बघून ओलांडता येतं, सलग असेल तर ओलांडायची नाही. वाचणाऱ्याला हे आधीच माहीत असतं की तुटक म्हणजे "जपून, अजून पक्कं नाही". आयटीआयमध्ये ड्रॉइंग शिकलेल्या मुलालाही माहीत असतं, की न दिसणारी कड तुटक रेषेनं दाखवतात. ही भाषा लोकांना येते. आपण ती वापरत नाही, एवढंच.

दुसरी शंका: "हे एक्सेलमध्येही होतं, मग कोड कशाला?" होतं की. एक्सेल येत असेल तर खुशाल त्यात करा, रेषेचा नियम तोच राहतो. कोडचा फायदा एकच, पण मोठा आहे: नियम एकदा लिहिला की दर महिन्याला फक्त आकडा बदलायचा. मार्चमध्ये तुटक असलेला एप्रिल, खरा आकडा आला की सलग यादीत जातो. आणि महागडा लॅपटॉपही लागत नाही, गूगल कोलॅब मोबाइलच्या ब्राउझरमध्ये चालतं.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्या धंद्याचे मागचे पाच-सहा महिने घ्या. धंदा अजून सुरू व्हायचा असेल तर सगळी रेष तुटकच येईल. येऊ द्या, लाज कसली? फक्त ना नफा ना तोट्याची ठिपक्यांची रेष काढायला विसरू नका.

मग जुना अंदाज पुसून टाकू नका. खरा आकडा आला की सलग रेष पुढे न्या, पण आधीची तुटक रेष फिकट करून तिथेच राहू द्या. सहा महिन्यांनी दोन्हींमधलं अंतर बघा. दर वेळी तुमचा अंदाज खऱ्यापेक्षा वरच असेल, तर पुढचा अंदाज किती खाली आणायचा ते तुम्हाला कुणी सांगायची गरज उरणार नाही. कर्जाच्या अर्जावर आकडा लिहिताना हाच अनुभव कामाला येतो.

भेटू पुढच्या व्हिडिओत.